लिंगोची गोष्ट शाळेत कोण सांगणार?

गोंदिया जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत सकाळची घंटा झाली की परिपाठ सुरू होतो. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष. उद्देशिकेचं वाचन २६ जानेवारी २०२० पासून राज्यातल्या शाळांत सक्तीचं झालं, राज्यगीत २०२३ मध्ये आलं. पहिलीतलं पोर 'सार्वभौम' म्हणताना अडखळतं, 'धर्मनिरपेक्ष'पाशी पुन्हा अडखळतं, आणि बाकीच्यांच्या सुरात सूर मिसळून पुढं जातं. श्रद्धा आणि उपासना यांच्या स्वातंत्र्याचा उच्चार ते रोज करतं. त्याचा अर्थ त्याला कुणी समजावून सांगत नाही.

हा अर्थ समजावून सांगायला या जिल्ह्याइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. एका बाजूला मध्य प्रदेशातलं बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १३ लाख २२ हजारांच्या आसपास, त्यात सुमारे १६ टक्के अनुसूचित जमाती. परिपाठाच्या एकाच रांगेत पोवार, कुणबी, कोहळी, गोंड, हलबा, बौद्ध, मुस्लिम घरांतली लेकरं उभी असतात. एकाच्या घरी देवघर आहे, एकाच्या घरी फडापेन या गोंड दैवताची पूजा होते, एक संध्याकाळी विहारात त्रिशरण-पंचशील म्हणतो, एकीचा भाऊ मदरशात जातो. गोंदिया शहरात यात शीख, सिंधी, जैन, ख्रिस्ती घरांची भर पडते. आणि एखाद्या घरात बाप कुठलाच देव मानत नाही.

पोरांना हे सगळं माहीत असतं, कारण ती एकमेकांच्या अंगणात वाढतात. शाळा मात्र या बाबतीत गप्प राहते, किंवा नकळत एकाच घराची बाजू घेते. दिवाळीवर निबंध येतो, रक्षाबंधनाला राख्या तयार होतात, तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी सजतात. हे सगळं गोड आहे आणि ते व्हायलाच हवं. पण धम्मचक्र प्रवर्तन दिनी शेजारच्या मुलाचं कुटुंब नागपूरला का गेलं, हा प्रश्न वर्गात विचारला जात नाही. ईदनंतर शिरखुर्म्याचा डबा येतो, तेव्हा 'रोजा म्हणजे काय' हे त्या मुलीलाच सांगू द्यावं, हे फार थोड्या वर्गांत घडतं.

पाठ्यपुस्तकात धर्मांची नीट ओळख होते ती सहावीत. इतिहासाच्या पुस्तकात 'प्राचीन भारतातील धार्मिक प्रवाह' असा पाठ आहे. जैन, बौद्ध, ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम, पारशी अशा धर्मांची त्यात थोडक्यात आणि आदरानं ओळख आहे. नागरिकशास्त्रात विविधतेवर स्वतंत्र पाठ आहे. पण सहावी म्हणजे अकरा-बारा वर्षांचं मूल. तोवर 'ते लोक' आणि 'आपण' ही वाटणी घरात, गल्लीत, मोबाईलवर पक्की झालेली असते. शिवाय गोंडांचा धर्म, कोया पुनेम, त्या पाठात नाही. सालेकसा किंवा देवरीतल्या ज्या वर्गात निम्मी मुलं गोंड आहेत, त्या वर्गानं ज्यूंबद्दल वाचायचं आणि स्वतःबद्दल काहीच वाचायचं नाही, याला अपुरं शिक्षण म्हणावं लागेल.

'पण सरकारी शाळेत धर्म शिकवायलाच बंदी आहे ना?' शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला की पहिली शंका हीच असते. ती अर्धी खरी आहे. संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदानुसार पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण, म्हणजे एखाद्या धर्माची दीक्षा देणारं शिक्षण, देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सामील करायचं, तर पालकाची संमती लागते. २०१३ मध्ये नाशिकच्या एका शिक्षकाच्या प्रकरणात, प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं स्पष्ट केलं.

धर्माची दीक्षा देणं आणि धर्मांविषयी माहिती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही या देशात वारंवार सांगितलं गेलं आहे. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगानं हा फरक नेमका मांडला आणि प्रमुख धर्मांची निवडक माहिती सामान्य शिक्षणाचा भाग असावी, अशी शिफारस केली. नांदेडचे शंकरराव चव्हाण संसदेच्या ज्या समितीचे अध्यक्ष होते, तिनं मूल्यशिक्षणावरच्या १९९९ च्या अहवालात विद्यार्थ्यांना सर्व धर्मांच्या मूलतत्त्वांची ओळख करून द्यावी, असं म्हटलं. पुढं याच धर्तीवरच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याला अरुणा रॉय आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. १२ सप्टेंबर २००२ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की धर्मांचा अभ्यास २८ व्या अनुच्छेदाच्या आड येत नाही. विरोध करणाऱ्यांची भीती मात्र निराधार नव्हती. धर्मांविषयी शिकवण्याच्या नावाखाली एकाच धर्माचं शिक्षण आत शिरेल, ही ती भीती. ती आजही तितकीच खरी आहे.

मे २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला तेव्हा हेच दिसलं. प्राथमिक वर्गांनी मनाचे श्लोक आणि वरच्या वर्गांनी गीतेचा अध्याय पाठ करावा, अशा सूचना त्यात होत्या, मनुस्मृतीतला एक श्लोकही होता. राज्यभर वाद पेटला. समर्थ रामदास किंवा गीता मुलांना कळू नये, असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण पाठांतरानं ओळख होत नाही. 'हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कोण मानतं, कोण मानत नाही आणि का', हे विचारायला जागा उरली, तरच ते शिक्षण.

या प्रश्नावर महाराष्ट्रानं फार पूर्वीच विचार केला आहे. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' जोतीराव फुल्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिलं आहे. बाई बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध होते, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती होतो, मुलगी कुराण वाचून मुसलमान होते आणि मुलगा सत्यधर्मी. चौघंही एकाच घरात, एकमेकांचा हेवा न करता, प्रेमानं राहतात. आजही हे चित्र धाडसी वाटतं. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की चौघंही आधी वाचतात आणि मग ठरवतात.

गोंदियापासून फार लांब नसलेल्या वर्ध्यात १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये नई तालीम या शिक्षणयोजनेची परिषद भरली. त्या योजनेतून गांधीजींनी धर्माचं शिक्षण मुद्दाम वगळलं. धर्म ज्या रीतीनं शिकवले आणि पाळले जातात, त्यातून एकोप्यापेक्षा भांडणच वाढेल, अशी धास्ती वाटल्याचं त्यांनी पुढच्या वर्षी 'हरिजन'मध्ये लिहिलं. मात्र सर्व धर्मांत समान असलेली सत्यं मुलांना शिकवावीत, असंही त्याच लेखात म्हटलं. विनोबांनी पुढं कुराण, ख्रिस्तधर्म, धम्मपद, जैन आगम यांची सारं काढण्यात वर्षं घालवली. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना आजही झाडीपट्टीतल्या गावागावांत होते. ही परंपरा मोठी आहे, पण तिच्यात एक उणीव आहे. 'सगळे धर्म शेवटी एकच सांगतात' असं मुलाला सांगितलं, की त्याची उत्सुकता तिथंच संपते. मुलाला फरक दिसत असतात. मित्राच्या घरी मूर्ती नाही, मैत्रिणीच्या घरी अंडं चालत नाही, हे त्याला कळतं. २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं आणि न खाणाऱ्यांसाठी केळं ठेवलं गेलं, तेव्हा राज्यात गदारोळ झाला. शाळेच्या ओसरीत मात्र अंडंवाली आणि केळंवाली पोरं मांडीला मांडी लावून जेवत होती. फरक लपवण्यापेक्षा त्यावर मोकळेपणानं बोलणंच मुलांच्या हिताचं.

आता सालेकसा तालुक्यात जाऊ. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरचं दरेकसा स्टेशन, जवळच धनेगाव, आणि वर डोंगरात कचारगडच्या गुहा. माघ पौर्णिमेला इथं गोंडांची मोठी यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लोक येतात, पिवळ्या पताका घेऊन, 'जय सेवा' म्हणत. या यात्रेला आजचं रूप १९८० च्या दशकात आलं. त्यामागं ज्यांचे कष्ट होते त्यांत मोतीरावण कंगाली हे एक. ते रिझर्व्ह बँकेत नोकरी करत आणि गोंडी भाषा व कोया पुनेम यांवर आयुष्यभर संशोधन करत राहिले. २०१५ मध्ये त्यांचं निधन झालं.

कचारगडची कथा लहान मुलांची आहे. तिची रूपं अनेक, गाभा असा: कली कंकालीची मुलं फार खोडकर. त्यांना शंभूनं या गुहेत कोंडलं आणि तोंडावर प्रचंड शिळा ठेवली. आत मुलं, बाहेर आईचा आक्रोश. जंगो रायताडनं त्यांच्या सुटकेचा ध्यास घेतला आणि पारी कुपार लिंगोकडं मदत मागितली. हिरासुका नावाच्या वादकानं गुहेबाहेर वाद्य छेडलं. सूर आत पोचले, मुलांच्या अंगात बळ आलं, त्यांनी आतून जोर लावला आणि शिळा सरकली. मुलं सुटली, पण गडगडत आलेल्या शिळेखाली हिरासुका चिरडला. पुढं लिंगोनं त्या मुलांना शिकवलं, त्यांची सगांमध्ये, म्हणजे कुळांच्या गटांमध्ये, आणि गोत्रांमध्ये मांडणी केली, कुणी कोणतं झाड, कोणता प्राणी राखायचा ते नेमून दिलं. गोटूलचा, म्हणजे गोंड मुलांच्या एकत्र शिकण्याच्या जागेचा, उगमही लिंगोशीच जोडला जातो. कोंडलेल्या मुलांना बाहेर काढून शहाणं करणारा शिक्षक ज्या धर्माच्या मुळाशी आहे, त्या धर्माला प्राथमिक शाळेत जागा नसावी, हे मनाला पटत नाही.

या कथेचा धागा वर्गाच्या हजेरीपटातच आहे. टेकाम, मरकाम, उईके, मडावी. टेकाम हे नाव सागाशी जोडलेलं, मरकाम आंब्याशी. तिसरीच्या वर्गात गुरुजींनी एवढंच विचारलं, 'तुमच्या घरी कोणतं झाड तोडत नाहीत?', की पाच-सहा हात वर येतील. मग बाकीची मुलंही बोलू लागतील: आमच्याकडं वड, आमच्याकडं पिंपळ, आमच्याकडं बोधिवृक्ष. परिसर अभ्यास, पर्यावरण आणि धर्म हे तिन्ही तास तिथं एकत्र येतात. त्यासाठी वेगळं पुस्तक लागत नाही.

अवघड प्रश्नही निघतील. दसऱ्याला वर्गातली मुलं रावणदहनाचं चित्र काढतात. त्याच वर्गात एखाद्या गोंड घरातलं मूल असतं, ज्याच्या घरी रावणाला पूर्वज मानतात. विदर्भात गोंड संघटना रावणदहनाला विरोध करतात; कंगालींनी स्वतःचं मोतीराम हे नाव बदलून मोतीरावण केलं होतं. अशा वेळी मॅडमनं काय करावं? चित्र फाडू नये आणि मुलाला गप्पही करू नये. 'या घरांत रामलीलेत रावण जळतो, त्या घरांत त्याची पूजा होते, दोघांची कारणं ऐकू' एवढं बोलण्याची हिंमत ठेवावी. आठ वर्षांच्या मुलाला हे झेपतं. न झेपणारे बहुधा मोठे असतात.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे. ती १९७२ मध्ये वसली. हिवाळ्यात इथली माणसं स्वेटर विकायला गावोगाव जातात, आणि लोसरला, म्हणजे तिबेटी नववर्षाला, वसाहत गजबजते. गोम्पात, म्हणजे तिबेटी मठात, प्रार्थनाचक्रं आहेत, भिंतींवर अनेक बोधिसत्त्व आणि देवता. याच तालुक्यातल्या गावांत बौद्ध वस्त्याही आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांसोबत दीक्षा घेतलेल्या पिढीची ही नातवंडं-पतवंडं. त्यांच्या विहारात तथागतांची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, आणि बावीस प्रतिज्ञा. दोघंही बुद्धाला शरण जातात. पण दलाई लामांच्या परंपरेत पुनर्जन्म मध्यवर्ती आहे; बाबासाहेबांनी 'द बुद्धा अँड हिज धम्म' या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आत्म्याचा पुनर्जन्म नाकारला. बौद्ध वस्तीतलं एखादं मूल गोम्पात उभं राहून विचारेल, 'आमच्या विहारात एवढे देव नाहीत, मग हे पण बौद्ध कसे?' एका धर्माच्या पोटातही अनेक विचार नांदतात, ही गोष्ट त्या एका प्रश्नातून जितकी कळेल तितकी कुठल्याही धड्यातून कळणार नाही. 

त्याच तालुक्यात प्रतापगड आहे. महाशिवरात्रीला तिथं महादेवाची मोठी जत्रा भरते, आणि तिथंच ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या नावाचा दर्गा आहे. अजमेरच्या ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींचे ते गुरू. महादेवाला आलेली माणसं दर्ग्यावरही माथा टेकतात. इतकं वर्षानुवर्षं चालत आलं असताना शाळेनं 'सहिष्णुता' हा धडा दुसरीकडून कशाला आणावा?

शिकवायचं कसं, यालाही उत्तर आहे आणि ते तिसरीच्या वेळापत्रकातच आहे. परिसर अभ्यासाची पद्धतच जवळून दूर जायची: घर, गाव, तालुका, जिल्हा. धर्मांची आणि विचारांची ओळखही त्याच वाटेनं व्हावी. मुलानं आजीला विचारावं, शेजाऱ्याला विचारावं, ऐकलेलं वर्गात सांगावं. शिक्षकानं एक शिस्त पाळावी: 'असं आहे' असं न म्हणता 'हे लोक असं मानतात' म्हणावं. कचारगडची गुहा डोंगरात कशी तयार होते हे भूगोल सांगेल, तिथं मुलं कोंडली होती असं गोंड मानतात. दोन्ही वाक्यं मुलाच्या वहीत शेजारी-शेजारी राहू शकतात. आणि कुठलाच देव न मानणारं घरही याच वहीत यायला हवं. श्रद्धा नसणं हीसुद्धा जगाकडं बघण्याची एक रीत आहे, आणि फुले-आगरकरांच्या महाराष्ट्राला ती परकी नाही.

अभ्यासक्रम कुणी ठरवायचा, यासाठी इंग्लंडचं उदाहरण बघू. तिथं १९४४ च्या कायद्यानं शाळांत धर्मशिक्षण सक्तीचं झालं, पालकांना मूल त्या तासाला न बसवण्याचा हक्कही मिळाला. तिथला अभ्यासक्रम दिल्लीसारख्या एका ठिकाणाहून येत नाही. स्थानिक पातळीवर धर्मसंस्थांचे प्रतिनिधी, शिक्षक आणि लोकप्रतिनिधी एकत्र बसून तो ठरवतात. बर्मिंगहॅमनं १९७५ मध्ये ख्रिस्ती धर्माबरोबर इतर धर्म आणि निरीश्वर विचारही अभ्यासक्रमात घेतले, त्यावरून मोठं वादळ उठलं. २०१८ मध्ये तिथल्या धर्मशिक्षण आयोगानं या विषयाचं नावच 'धर्म आणि जीवनदृष्टी' करावं असं सुचवलं. तिथं राहणाऱ्या मराठी घरांतली मुलं दिवाळीबद्दल वर्गात बोलतात आणि शीख, ज्यू मित्रांकडून त्यांच्या सणांबद्दल ऐकतात. इंग्लंडचं सगळं उचलायची गरज नाही. पण अभ्यासक्रम ज्यांच्याविषयी आहे त्यांना लिहिताना शेजारी बसवायचं, हे उचलण्यासारखं आहे.

आश्रमशाळांचा विचार तर सर्वांत आधी व्हायला हवा. देवरीच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालच्या निवासी शाळांत मूल चोवीस तास शाळेतच असतं. आजी, पेनठाणा म्हणजे देवाची जागा, नवाखाई हा नव्या पिकाचा सण, सगळं गावाकडं राहतं. तिथं शाळा ज्या देवाचं नाव घेते तोच मुलाचा देव होतो, आणि ज्याचं नाव घेत नाही तो लाजिरवाणा ठरतो. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाचं गोटूल सुरू केलं. शिक्षण विभागानं ते बेकायदा ठरवलं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. गावाला स्वतंत्र शाळा काढावीशी वाटली, यातच सरकारी शाळेत काय कमी पडलं ते दिसतं. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ७९ लाख लोकांनी सहा मोठ्या धर्मांबाहेरचा धर्म नोंदवला, त्यातल्या जवळपास १० लाखांनी गोंड किंवा गोंडी असं लिहिलं. ही माणसं स्वतःचं नाव स्वतः लिहीत आहेत. शाळेनं ते नाव नीट उच्चारायला तरी शिकावं.

तयारी कुणी करायची? बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत २००९ पासून 'मूल्यवर्धन' उपक्रम सुरू झाला आणि पुढं राज्यभर पसरला. संविधानातली मूल्यं खेळांतून आणि जोडीनं केलेल्या कामांतून शिकवता येतात, हे त्यानं दाखवलं. शिक्षण हक्क कायद्याचं २९ वं कलमही अभ्यासक्रम संविधानाच्या मूल्यांशी सुसंगत असावा आणि मुलाला भय वाटू नये, असं सांगतं. उरलं ते स्थानिक काम, आणि ते पुण्यात बसून होणार नाही.

गोंदियाच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेनं तिसरी ते पाचवीसाठी पन्नास-साठ पानांची एक पुस्तिका काढावी. कचारगड, प्रतापगड, गोठणगावचा गोम्पा, गावातला विहार, मशीद, चर्च, गुरुद्वारा, देवघर आणि देव न मानणारं घर, हे सगळं तिच्यात असावं. गोंडी भागासाठी काही पानं गोंडीतही असावीत. लिहायला गोंड जाणकार, भन्ते, मौलवी, पाद्री, कीर्तनकार, विवेकवादी कार्यकर्ते आणि वर्गात रोज उभे राहणारे शिक्षक यांना एकत्र बसवावं. छापण्याआधी ती पालकसभेत वाचून दाखवावी, म्हणजे 'शाळा आमच्या पोराला दुसरा धर्म शिकवते' ही शंका आधीच मिटेल. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडतील आणि डिसेंबर-जानेवारीच्या सहलींची ठिकाणं ठरू लागतील. पुस्तिका निघेपर्यंत थांबायचं कारण नाही: मुख्याध्यापकांनी या वर्षीच्या सहलीच्या यादीत यातलं एक तरी ठिकाण घालावं, आणि तिथं काय मानतात हे सांगायला तिथल्याच माणसाला बोलवावं.